जुन्या वाचनमालेवरून मुलाला मराठी वाचायला शिकवायचं असेल तर

घरात सगळं बोलणं मराठी, शाळा मात्र इंग्रजी माध्यमाची. मूल सात-आठ वर्षांचं होतं, आजीशी तोंड भरून गप्पा मारतं, गोष्टी ऐकतं, पण समोर मराठी पान धरलं की गप्प होतं. अशा घरांतल्या आईबाबांसाठी हा लेख आहे. मी शिक्षिका नाही. भाचरं आणि शेजारची मुलं यांना गेली काही वर्षं सुट्टीत आणि शनिवारी दुपारी वाचायला शिकवते, आणि त्यासाठी मुख्यतः जुनी शालेय वाचनाची पुस्तकं वापरते.

जुनीच का, असं अनेकजण विचारतात. आज बाजारात मुलांची सुंदर चित्रपुस्तकं आहेत आणि ती घरात असायलाच हवीत. पण त्यातली बहुतेक पुस्तकं मोठ्यांनी मुलाला वाचून दाखवायची असतात. पहिल्याच पानावर ‘स्वच्छ’, ‘उत्सुकता’, ‘फुलपाखरू’ असे शब्द एकत्र येतात. ऐकायला ते गोड वाटतात, पण ज्याला अजून काना आणि मात्रा यातला फरक कळत नाही त्याच्यासाठी ती भिंतच. चांगली वाचनमाला असते मुलानं स्वतः वाचायला. एका पानावर मोजकी नवी अक्षरं, आधीची अक्षरं पुन्हा पुन्हा, वाक्यं छोटी पण पुरी, टाइप मोठा. पहिल्या दिवशीच मुलाला ‘मी एक वाक्य वाचलं’ असं म्हणता येतं. हे ज्या पुस्तकात होतं ते पुस्तक चांगलं, मग ते १९५० चं असो की २०१० चं.

पुस्तक कुठलं घ्यावं

महाराष्ट्रात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, २७ जानेवारी १९६७ ला पुण्यात सुरू झालं. त्याआधी सरकारी क्रमिक पुस्तकं होती आणि खासगी वाचनमालाही. मराठी शालेय पुस्तकांची ही परंपरा थेट मराठी क्रमिक पुस्तकं तयार करणारे इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांच्या काळापर्यंत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जाते. खासगी मालांमध्ये आचार्य अत्र्यांची ‘नवयुग वाचनमाला’ सगळ्यांत नावाजलेली. क्रमिक पुस्तकात नुसती माहिती आणि उपदेश नको, वाङ्मय हवं, हा आग्रह त्यांनी धरला आणि आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला तो आजही आठवतो.

अगदी नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिलं पुस्तक बालभारतीचंच घ्या, तेही पहिलीचं. त्याहून जुनी वाचनमाला हातात आली तर आनंदानं ठेवा, पण ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काढा. कारण पुढे सांगते.

मिळतात कुठे? बालभारतीच्या संकेतस्थळावर जुन्या पाठ्यपुस्तकांचा संग्रह आहे. परदेशात राहणाऱ्यांना याहून सोपा मार्ग नाही. छापील प्रत हवी असेल तर पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि मुंबईत फोर्टातल्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे विचारा. आपल्या गावच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयातही चौकशी करा. कपाटाच्या खालच्या खणात कधी कधी हा खजिना असतो. आणि रद्दीवाल्याला एकदा सांगून ठेवा. शाळेची पुस्तकं तो वेगळी काढून ठेवतो, फक्त कुणीतरी मागायला हवं.

जुनी प्रत मुलाच्या हातात देऊ नका. कागद ठिसूळ झालेला असतो, पिना गंजलेल्या असतात, कसर लागलेली असते. प्रत दोन दिवस उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर ठेवा, मऊ ब्रशनं झटका, आणि हवी ती पानं थोडी मोठी करून झेरॉक्स काढा. हे घरच्या वापरापुरतं. पुस्तक अख्खं स्कॅन करून सगळीकडे पाठवू नका, कारण यातल्या पुष्कळ पुस्तकांचे आणि कवितांचे हक्क अजून चालू आहेत.

पुस्तक कधीचं आहे ते ओळखा

पहिलं पान फाटलेलं असतं, साल सापडत नाही. तरी अंदाज काढता येतो. गणितात किंवा गोष्टीत आणे-पै असतील तर पुस्तक बहुधा १९५७ च्या आधीचं, कारण त्या वर्षी १ एप्रिलला नवे पैसे आले. ‘मुंबई राज्य’ असेल तर १९६० च्या आधीचं. आणि सगळ्यांत महत्त्वाची खूण म्हणजे ‘तें’, ‘केलें’, ‘मुलें’, ‘कवि’, ‘बुद्धि’ असं लेखन. असं लेखन दिसलं तर पुस्तक १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांच्या आधीचं, किंवा निदान त्या वळणाचं.

ही खूण मी एकदा दुर्लक्षित केली. एका शेजाऱ्यांच्या मुलीला मी हौसेनं फार जुनी वाचनमाला दिली होती. टाइप देखणा, चित्रं रेखीव. ती वाचायला लागली: “तेम झाड मोठेम आहे.” मी म्हटलं, “ते झाड मोठे आहे.” तिनं पानावर बोट ठेवलं. “मावशी, पण वर टिंब आहे ना!” बरोबर होतं तिचं. आदल्याच आठवड्यात मी तिला शिकवलं होतं की टिंब म्हणजे अनुस्वार आणि त्याचा उच्चार करायचा: आंबा, घंटा, चिंच. आता तेच टिंब मुकं कसं झालं? त्या दिवशी तिचा माझ्यावरचा आणि अक्षरावरचा विश्वास थोडा हलला, आणि तो परत मिळवायला आम्हाला दोन आठवडे लागले.

पूर्वी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार व्याकरणाच्या आणि व्युत्पत्तीच्या कारणानं देत. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी ते काढून टाकले आणि शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ केले: कवी, बुद्धी, गुरू. एक बारीक गोष्ट नीट लक्षात ठेवा. जुन्या पुस्तकातलं ‘घरांत’ म्हणजे एकाच घरात. आज आपण ‘घरांत’ लिहिलं तर अनेक घरांत. म्हणून जुनी वाचनमाला वापरण्याआधी रात्री पेन्सिल घेऊन बसा आणि झेरॉक्सवरची मुकी टिंबं पांढऱ्या शाईनं झाका. दहा पानांना अर्धा तास लागतो. मूल पक्कं वाचायला लागलं की न झाकलेलं पान द्या आणि ‘पूर्वी असं लिहीत’ ही गोष्ट सांगा. तेव्हा मुलांना ती शोधाशोध फार आवडते.

आपण बोलतो तसं लिहिताना ‘केलं’, ‘झालं’ यांवर आजही टिंब देतो आणि तिथेही नाकातला उच्चार नसतो. ते मात्र झाकू नका. ते मुलाच्या बोलण्यातलंच आहे, एकदा सांगितलं की बसतं.

पहिले दोन आठवडे: काना-मात्रा नाही

‘अ अननसाचा’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत तक्ता पाठ करून घ्यायचा आणि मग वाचन, हा आपल्या सगळ्यांच्या घरातला रिवाज. अंकलिपी जवळ असू द्या, पण क्रमानं जाऊ नका. ‘ङ’ आणि ‘ञ’ शिकून सात वर्षांचं मूल कुठला शब्द वाचणार आहे? चांगल्या वाचनमालांत अक्षरं गटानं येतात, ज्यांच्यापासून लगेच शब्द होतील अशी. पुस्तकातला गट घ्या किंवा स्वतः करा. मी न, म, ग, र, ब, घ, ळ, व, त या नऊ अक्षरांनी सुरुवात करते. त्यांतून ‘नळ’, ‘घर’, ‘बघ’, ‘मगर’, ‘गवत’, ‘वरण’ (ण एक जास्तीचं) असे शब्द पहिल्याच दिवशी होतात. ‘नळ बघ. घर बघ. मगर बघ.’ इतकं वाचून मूल उडी मारतं.

अडचण येते ती इथे. मूल प्रत्येक अक्षर पुरं म्हणतं: म, ग, र. आणि मग जोडून ‘मगरऽ’, शेवटच्या अ सकट. त्याच्या कानावर जो ‘मगर’ आहे तो असा नसतो, म्हणून शब्द वाचूनही त्याला अर्थ लागत नाही. त्याला हे नियम म्हणून सांगू नका. हातानं दाखवा. दोन अक्षरी शब्दाला एक टाळी: घर. तीन अक्षरी शब्दाला दोन: म-गर, ग-वत, क-मळ. चार अक्षरी शब्द मधोमध मोडतो: सर-बत, कर-वत, अड-गळ. टाळ्या वाजवत दहा शब्द वाचले की मुलाच्या तोंडून आपोआप मराठी शब्द निघतो. मला तरी याहून उपयोगी युक्ती सापडलेली नाही, आणि यासाठी काना-मात्रा नसलेल्या जुन्या धड्यांइतकं चांगलं साहित्य दुसरीकडे मिळत नाही.

शाळेत हिंदी शिकणारी मुलं वेगळ्या ठिकाणी अडतात. अक्षरं त्यांना ओळखता येतात, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण ती ‘ळ’ ला बिचकतात, ‘ज्ञान’ ला ‘ग्यान’ म्हणतात आणि ‘कृष्ण’ ला ‘क्रिष्ण’. त्यांना फक्त एकदा ‘आपल्यात द्न्यान, आपल्यात क्रुष्ण’ असं सांगा आणि पुढे जा.

‘च’, ‘ज’, ‘झ’ यांना मात्र वेळ द्या. ‘चार’ मधला च आणि ‘चाक’ मधला च एकच अक्षर, पण उच्चार दोन. ‘झेंडा’ आणि ‘झाड’ तसंच. ‘जग’ हा शब्द तर दोन्ही तऱ्हांनी वाचता येतो: जग म्हणजे दुनिया, आणि जग म्हणजे जगत राहा. मूल मराठी बोलणारं असेल तर त्याला दोन्ही उच्चार आधीच येतात. त्यानं ‘चाक’ चुकीचं वाचलं तर दुरुस्त करू नका, इतकंच विचारा, “गाडीला काय असतं?” ते स्वतः हसून बरोबर म्हणेल. ज्यांचं बोलणंही कच्चं आहे, विशेषतः परदेशातली मुलं, त्यांना एवढी खूण पुरते की वेलांटी किंवा मात्रा लागली की बहुधा ‘चिमणी’, ‘चेंडू’, ‘जीभ’ सारखा उच्चार येतो.

काना, वेलांटी, उकार, मात्रा

बाराखडी पाठ असली तरी वाचन येत नाही. ‘क का कि की’ हे गाणं म्हणणारी आणि पानावरचा ‘पी’ न ओळखणारी मुलं मी पाहिली आहेत. एका वेळी एकच चिन्ह घ्या. काना आठवडाभर. मग दुसरी वेलांटी, मग पहिली. हा उलटा क्रम मुद्दाम आहे. ‘आणि’सारखे अपवाद सोडले तर मराठी शब्दाच्या शेवटी बहुतेक वेळा दुसरीच येते, म्हणून ‘आजी’, ‘पाणी’, ‘गाडी’ असे घरचे शब्द लगेच मिळतात. आणि मुलाच्या डोळ्यांना उजवीकडची दांडी कान्यासारखी ओळखीची वाटते. पहिली वेलांटी अवघड, कारण ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. ‘किती’ हा एक शब्द त्यासाठी फळ्यावर मोठा काढून ठेवा. एकाच शब्दात दोन्ही वेलांट्या आहेत. उकारांचंही असंच. मात्रेला आणि काना-मात्रेला फारसं थांबावं लागत नाही.

रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. पहिली पाच मिनिटं कालचं पान, मग नवं अर्धं पान, आणि उरलेला वेळ तुम्ही वाचून दाखवायचं, मुलानं ऐकायचं. हा शेवटचा भाग कधीही गाळू नका. मोठ्यानं वाचतानाच ऐका की मूल कुठे अडतं, आणि पुस्तकाच्या कडेला त्या अक्षरावर बारीक टिंब काढा. शुक्रवारी टिंबं मोजा. ज्या अक्षरावर तीनपेक्षा जास्त टिंबं, ते अक्षर पुढच्या आठवड्याचं. वही, चाचणी, गुण यातलं काही लागत नाही.

अक्षराची दोन रूपं आणि जोडाक्षरं

जुन्या पुस्तकात ‘ल’ पाकळीचा असतो आणि ‘श’ देठाचा. मोबाइलवर मुलाला पुष्कळदा दांड्याचा ‘ल’ दिसतो आणि गाठीचा ‘श’. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानं मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला आहे, म्हणजे या बाबतीत जुनं पुस्तक आजच्या नियमाला धरूनच आहे. मुलाला दोन्ही रूपं एका कागदावर शेजारी लिहून दाखवा, एवढं पुरे.

जोडाक्षरांत गोंधळ जास्त. जुन्या छपाईत ‘द्ध’, ‘ट्ट’, ‘क्क’, ‘श्व’ एकाखाली एक, गुंफलेले असतात. अलीकडच्या बालभारतीच्या पुस्तकांत ‘विद्‌या’, ‘प्रसिद्‌ध’ असे पाय मोडून सुटे छापलेले दिसतात. शिकायला सुटं रूप सोपं, यात मला शंका नाही. म्हणून जोडाक्षरं नव्या पुस्तकावरून शिकवा, आणि मग तोच शब्द जुन्या पुस्तकात शोधायला सांगा. ‘र’ ला एक पूर्ण आठवडा द्या. ‘सूर्य’ मधला रफार, ‘चक्र’ मधली तिरकी रेघ, ‘राष्ट्र’ मधला खालचा काकपद आणि ‘सुऱ्या’ मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द शेजारी लिहून अर्थ सांगितला की मुलं तो फरक पुन्हा विसरत नाहीत. एकीकडे गुरुजी आणि दुसरीकडे स्वयंपाकी.

जुनं जग पानावर येतं तेव्हा

‘जातं’, ‘मोट’, ‘कंदील’, ‘शेर’, ‘कोस’ असे शब्द येतील. घाबरू नका आणि प्रत्येकाचा अर्थ सांगत बसू नका, नाहीतर वाचन मोडतं. पान पुरं वाचून झाल्यावर एकच शब्द निवडा आणि आजीला फोन लावा. माझ्या भाच्यानं असं ‘मोट’ विचारलं तेव्हा माझ्या आईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, पाऊण तास विहिरीवरची गोष्ट सांगितली, आणि पुढच्या शनिवारी त्यानं तो धडा मागून घेऊन परत वाचला.

पण जुन्या पुस्तकातलं सगळं जसंच्या तसं स्वीकारायचं नाही. आई नेहमी चुलीपाशी, बाबा नेहमी वर्तमानपत्र घेऊन, मुलगी भांडी घासते आणि मुलगा शाळेत जातो. काही पुस्तकांत जातीवरून, रंगावरून, व्यवसायावरून माणसाला हिणवणारे शब्द सहज येऊन जातात. असे धडे मी गाळते, बिनदिक्कत. एका पानाच्या वाचनासाठी मुलाच्या मनात ती गोष्ट पेरण्याचं कारण नाही. चुलीपाशी बसलेल्या आईचं चित्र मी गाळत नाही, तिथे थांबते आणि विचारते, “आपल्याकडे पोळ्या कोण करतं?” बालभारतीनंही २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात घरकाम मिळून करणाऱ्या आईबाबांची चित्रं दिली, ती दोन चित्रं शेजारी ठेवली तर मुलं स्वतःच खूप बोलतात.

वाचनमाला कधी सोडायची

दुसरीचं पुस्तक निम्मं झालं आणि मूल नवं पान न अडखळता वाचायला लागलं की वाचनमाला बाजूला ठेवा, पुस्तक पुरं करायचा हट्ट धरू नका. पुढची पायरी म्हणून बालभारतीचंच ‘किशोर’ मासिक घ्या. ते १९७१ पासून निघतं आहे आणि जुने अंकही संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. पहिल्यांदा कविता आणि कोडी द्या, लांब कथा नंतर. अंक उघडून मुलासमोर ठेवा, पान त्यालाच निवडू द्या. त्यानं निवडलेलं पान तुम्हाला अवघड वाटलं तरी थांबवू नका. अडलेला शब्द सांगा आणि पुढे वाचू द्या. कडेला टिंब काढायची पेन्सिल आता तुमच्या हातात नको.